छातीत धडधड, ईसीजी नॉर्मल: भीतीचा आजार ओळखायचा कसा आणि त्यातून बाहेर यायचं कसं

२०१७ च्या पावसाळ्यात डोंबिवलीहून दादरला ऑफिसला जाताना मला पहिला अटॅक आला. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. गाडी बोगद्यात शिरली आणि मध्येच थांबली, डब्यात दिवे चालू, पंखे चालू, समोरची बाई गवार मोडत बसलेली, म्हणजे वेगळं असं काहीच नव्हतं, आणि माझ्या छातीत एकदम इतकं धडधडायला लागलं की ते बाहेरून दिसत असेल असं वाटलं. बोटांना मुंग्या, तोंडाला कोरड, श्वास घेतेय पण पुरत नाहीये, आणि डोक्यात एकच, आपण आत्ता इथे मरणार आणि या गर्दीत कुणाला कळणारही नाही. ठाण्याला उतरले ती थेट स्टेशनजवळच्या एका हॉस्पिटलात. ईसीजी नॉर्मल आला. "काही झालेलं नाही मॅडम, टेन्शन घेऊ नका," एवढं सांगून ॲसिडिटीची गोळी लिहून दिली.

पुढच्या चार महिन्यांत अजून दोन ईसीजी, एक टू डी इको, एक स्ट्रेस टेस्ट, सगळं नॉर्मल. सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या, मावशीने अंगारा पाठवला, सगळं प्रेमापोटीच. आणि मी इकडे आधी फास्ट सोडली, मग गर्दीच्या वेळची स्लो सोडली, मग लोकलच सोडली, मग बिनपगारी रजा टाकली आणि शेवटी राजीनामा टाइप करून ठेवला. तो पाठवायच्या आदल्या आठवड्यात आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी सगळ्या फाइली बाजूला ठेवल्या आणि विचारलं, हे होतं तेव्हा तू नक्की कुठे असतेस? त्या एका प्रश्नावरून पॅनिक डिसऑर्डर हे नाव पहिल्यांदा समोर आलं.

"काही झालेलं नाही" हे वाक्य मला अजून खुपतं. हृदयाला काही झालेलं नव्हतं हे खरं, पण आजार होता, त्याला नाव होतं आणि त्यावर चांगला उपचारही होता. माझे चार महिने फुकट गेले तसे तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, पण ज्या वाटेने गेले ती वाट नीट माहीत आहे.

भीती वाटणं वेगळं, भीतीचा आजार वेगळा

परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा येणं, मुलगा उशिरापर्यंत घरी आला नाही म्हणून दाराशी येरझारा घालणं, हे आजारपण नाही, ते माणूसपण आहे. आजार कधी म्हणायचं तर तीन गोष्टी बघा. जेवढं कारण आहे त्याच्या मानाने भीती फारच मोठी आहे का? ती किती महिने चालू आहे? आणि तिच्यापायी तुम्ही काय काय करायचं सोडलंत? मला विचाराल तर तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण घाबरलेला माणूस "मला भीती वाटते" असं सहसा म्हणत नाही, तो म्हणतो मला गर्दी आवडत नाही, मला लग्नकार्याला जायला कंटाळा येतो, मी लिफ्ट वापरत नाही कारण जिना चढणं तब्येतीला चांगलं. कुठल्या गोष्टी आपण गपचूप टाळतोय त्याची यादी प्रामाणिकपणे केली की निम्मं निदान घरीच होतं.

आता प्रकार. पॅनिक अटॅक म्हणजे अचानक उसळलेली भीती, जी काही मिनिटांतच टोकाला जाते आणि मग उतरते. धडधड, घाम, थरथर, श्वास कोंडणं, छातीत दुखणं, मळमळ, चक्कर, मुंग्या, अंगातून गरम किंवा गार लाट जाणं, आजूबाजूचं सगळं खोटं खोटं वाटणं, आपण वेडे होणार किंवा मरणार असं वाटणं, अशी १३ लक्षणं डॉक्टरांच्या यादीत आहेत आणि त्यातली ४ किंवा जास्त एकदम आली तर त्याला अटॅक म्हणतात. नुसता एखादा अटॅक येऊन गेला तर तो आजार नाही, खूप जणांना आयुष्यात कधीतरी येतो. असे अटॅक विनाकारण वारंवार यायला लागले आणि त्यानंतर महिनाभर किंवा जास्त काळ "परत येईल" हीच धास्ती लागून राहिली किंवा माणूस जागा टाळायला लागला, की ती पॅनिक डिसऑर्डर.

त्याला चिकटूनच येतो तो ॲगोराफोबिया. मोकळ्या जागेची भीती असा त्याचा अर्थ सांगतात पण खरी भीती वेगळीच असते, जिथून पटकन निघता येणार नाही किंवा मदत मिळणार नाही अशा जागेची, म्हणजे लोकल, एसटी, पूल, थिएटरातली मधली खुर्ची, देवळातली दर्शनाची रांग. बरेच जण याला "तिला गर्दी सहन होत नाही" एवढंच म्हणतात आणि ती बाई पाच पाच वर्षं घरात बसून राहते, मला हे बघून फार वाईट वाटतं.

सतत काळजी करण्याचा आजार वेगळा. मन चिंती ते वैरी न चिंती असं आपण म्हणतो ना, तेच, पण रोज, आणि एका गोष्टीची नाही तर पैसे, तब्येत, मुलं, गॅस बंद केला का, अशी एकामागून एक, सहा महिने किंवा जास्त, जोडीला झोप नाही, मान-खांदे आखडलेले, चिडचिड, लक्ष लागत नाही. अशी माणसं डॉक्टरकडे काळजीची तक्रार घेऊन जात नाहीत, डोकेदुखी आणि पोटाची तक्रार घेऊन जातात.

सोशल अँक्झायटी म्हणजे लाजाळूपणा नव्हे. लोक आपल्याकडे बघतायत, आपण चुकणार, हसं होणार या भीतीने माणूस मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही, अनोळखी फोन उचलत नाही, चारचौघांत जेवत नाही, प्रमोशन नाकारतो. आणि ठरावीक गोष्टीचा फोबिया तर सगळ्यांना माहीत असतोच, कुत्रा, पाल, उंची, विमान, इंजेक्शन. लहान मुलांमध्ये हेच रडणं, चिकटून बसणं, शाळेच्या दिवशी बरोबर सकाळी पोट दुखणं आणि रविवारी न दुखणं अशा रूपात दिसतं, नाटक करतोय म्हणून ओरडू नका.

ओसीडी (तेच विचार, तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) आणि मोठ्या आघातानंतरचा पीटीएसडी हे पूर्वी याच गटात धरायचे, २०१३ पासून अमेरिकन वर्गीकरणात ते वेगळे काढलेत, त्यांचे उपचारही थोडे वेगळे आहेत त्यामुळे त्यात इथे शिरत नाही.

आधी शरीर तपासा, पण एकदाच

लक्षणं पहिल्यांदा आली असतील तर "हे मनाचंच आहे" असं घरी बसून ठरवू नका. थायरॉइड वाढलेला असेल तर धडधड, थरथर, घाम, वजन उतरणं हे सगळं हुबेहूब असंच दिसतं. अंगात रक्त कमी असेल तरी धडधडतं, साखर खाली गेली तरी घाम फुटतो. म्हणून फॅमिली डॉक्टर साधारण टीएसएच म्हणजे थायरॉइडची टेस्ट, हिमोग्लोबिन, साखर आणि एक ईसीजी सांगतात, ते करून घ्या. आणि डॉक्टरांना सगळं खरं सांगा, दिवसात किती कप कॉफी, दम्याचा पंप, सर्दीच्या गोळ्या, स्टिरॉइड, आणि दारू. रोज पिणाऱ्याला सकाळी उठल्यावर जी थरथर आणि घाबरं होतं ते बऱ्याचदा दारू उतरल्याचं असतं, आणि ती अचानक बंद करणं धोक्याचं आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

छातीतली कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जातेय, चालताना किंवा जिना चढताना वाढतेय, माणूस बेशुद्ध पडलाय, चाळिशीच्या पुढे आहे, शुगर-बीपी आहे, घरात कुणाला हार्टचा त्रास आहे, अशा वेळी पॅनिक असेल म्हणून थांबू नका, १०८ ला फोन करा. चुकून पॅनिक निघालं तर काही बिघडत नाही.

पण हे एकदा नीट झालं की थांबा. माझं जे झालं तेच पुष्कळ जणांचं होतं, रिपोर्ट नॉर्मल आला की चार दिवस बरं वाटतं, मग शंका येते की त्या मशीनमध्ये काही राहिलं असेल, की पुन्हा दुसरा डॉक्टर, पुन्हा ईसीजी. ती तपासणी हीसुद्धा भीतीची खुराक होऊन बसते. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, हृदयाच्या बाजूने अजून काही बघायचं बाकी आहे का? नाही म्हणाले तर पुढची अपॉइंटमेंट सायकियाट्रिस्टची.

कुणाकडे जायचं, ते काय विचारतात

सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएस करून पुढे मनोविकारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर, औषध तेच लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, थेरपी देतात, त्यांचं शिक्षण आणि आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन काउन्सिलचं रजिस्ट्रेशन जरूर विचारा, विचारण्यात काही उद्धटपणा नाही. दोन दिवसांचा कोर्स करून काउन्सेलर म्हणवणारे गल्लोगल्ली झालेत.

पैशांची अडचण असेल तर सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात, मेडिकल कॉलेजात मानसोपचाराची ओपीडी असते, जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याचा कार्यक्रम चालतो. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं आणि गोव्यात बांबोळीचं, नाव ऐकून लोक दचकतात पण तिथेही नुसतं ओपीडीला दाखवून, औषध घेऊन घरी येता येतं, कुणी ठेवून घेत नाही. आणि घरातून बाहेर पडणंच जमत नसेल तर टेली मानस, १४४१६, केंद्र सरकारची १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली सेवा, दिवसरात्र चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर तिथे आत्ताच्या आत्ता फोन करा, आणि एकटे राहू नका.

जायच्या आधी एका कागदावर लिहून न्या. पहिला अटॅक कधी, कुठे, काय काय झालं, किती वेळ टिकलं, त्यानंतर काय टाळायला लागलात, झोप कशी आहे, घरात आणखी कुणाला असं होतं का, सध्या चालू असलेली औषधं. समोर बसल्यावर घसा दाटून येतो आणि निम्मं विसरायला होतं, मी नुसता कागद पुढे केला होता.

तिथे बहुतेक वेळा जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली भरायला देतात. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ वाटलं का, काळजी थांबवता येत नाही असं झालं का, चिडचिड, एका जागी बसवत नाही, काहीतरी भयंकर होणार असं वाटतं, अशा सात गोष्टी, प्रत्येकीला ० ते ३ मार्क, बिलकुल नाही पासून जवळजवळ रोज पर्यंत. बेरीज २१ पैकी. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. १० किंवा वर आलं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पण हे मार्क म्हणजे निदान नाही, थर्मामीटर जसा ताप दाखवतो, मलेरिया की टायफॉइड ते सांगत नाही, तसं. निदान समोरासमोर बोलूनच होतं. आणि डॉक्टर उदासपणाबद्दल, दारूबद्दल, आत्महत्येच्या विचारांबद्दलही विचारतील, लपवू नका, कारण चिंता आणि डिप्रेशन बऱ्याचदा हातात हात घालून येतात.

भीतीची शिडी

सगळ्यात जास्त मला याबद्दलच सांगायचंय. आपल्याकडे भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, आणि हा राक्षस नक्की कशावर पोसतो ते माझ्या थेरपिस्टनी पहिल्याच सेशनला कागदावर काढून दाखवलं. एक रेघ वर चढत जाते, ती भीती. रेघ वर असतानाच तुम्ही गाडीतून उतरलात की ती धपकन खाली येते आणि हायसं वाटतं. मेंदू त्यातून शिकतो की उतरलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी आधी घाबरवतो. पण न उतरता बसून राहिलात तर? रेघ थोडी अजून चढते, मग सपाट होते, आणि मग आपोआप उतरते, कारण शरीराला इतका वेळ तेवढं घाबरलेलं राहताच येत नाही. ही आपोआप उतरण मी चार महिन्यांत एकदाही पाहिली नव्हती, कारण प्रत्येक वेळी त्याआधीच पळाले होते.

ही गोष्ट आजची नाही. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाला हळूहळू असंच बरं केलं होतं, तो आवडीचं खात असताना ससा दिवसेंदिवस थोडा थोडा जवळ आणत. आणि आरईबीटी या विचार बदलायला शिकवणाऱ्या थेरपीचे जनक अल्बर्ट एलिस, त्यांनी स्वतः १९ व्या वर्षी मुलींशी बोलायची भीती घालवायला न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर जाऊन बसायचं आणि शेजारी बसलेल्या बाईशी बोलायचंच असं ठरवलं होतं, शंभरेक जणींशी बोलले.

शिडी करायची कशी? वही घ्या. ज्या ज्या गोष्टीची भीती वाटते त्या लिहा आणि प्रत्येकीला ० ते १०० मधला आकडा द्या. माझी अशी होती: डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर बाकावर नुसतं बसणं ३०. रविवारी दुपारी रिकाम्या स्लोने कोपर, एकच स्टेशन, नवऱ्यासोबत ४०. तेच एकटीने ५०. मग दिवा, मुंब्रा, कळवा करत ठाणे ६५. मग ठाण्यापर्यंत गर्दीच्या वेळी ८०. आणि सगळ्यात वर सकाळची फास्ट, बोगद्यातून, दादरपर्यंत, एकटी, ९५.

पहिल्या दिवशी बाकावर बसले तेव्हा गाडी यायच्या आधी जी अनाउन्समेंट होते ना, त्यानेच हात गार पडले. वहीत लिहिलं ४५, म्हणजे घरी बसून दिलेल्या ३० पेक्षा जास्त. गाडी आली, गेली. दुसरी आली, गेली. दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचा असं सांगितलं होतं, ४५, ५०, ५०, ४०, ३५, पाऊण तासाने २०. शेजारी एक आजी नातवाला केळं सोलून देत होत्या, त्यांनी मला विचारलं, बाळ, तुझी गाडी चुकली का गं? मी नाही म्हटलं आणि मला तिथेच रडू आलं, कारण इतक्या दिवसांत पहिल्यांदा भीती माझ्या डोळ्यांसमोर स्वतःहून खाली आली होती. दुसऱ्या दिवशी तोच बाक, सुरुवातच ३० ने झाली. चौथ्या दिवशी १५, आणि मग पुढची पायरी.

यात लोक काही ठरावीक चुका करतात, मीही केल्या. अर्ध्यातून उतरणं ही पहिली, त्याने भीती आणखी पक्की होते, म्हणून पायरी इतकी छोटी घ्या की शेवटपर्यंत थांबता येईल. आठवड्यातून एकदा करणं ही दुसरी, रोज किंवा दिवसाआड नाही केलं तर मेंदू मधल्या दिवसांत सगळं विसरतो. आणि तिसरी, जी कळायला मला फार वेळ लागला, कुबड्या. माझ्या पर्समध्ये पाण्याची बाटली, एक सोर्बिट्रेटची गोळी, हार्टच्या पेशंटना जिभेखाली ठेवायला देतात ती, जी मला कुणी लिहूनही दिलेली नव्हती, फोनवर नवऱ्याचा नंबर लावून ठेवलेला, आणि जागा कायम दाराजवळची. हे सगळं असेपर्यंत मेंदू म्हणतो, बाटली होती म्हणून वाचलीस. म्हणून शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर एकेक कुबडी घरी ठेवून जायचं. फास्ट लोकलच्या पायरीला पोचायला मला अकरा आठवडे लागले. बोगद्यात आकडा ७० गेला आणि कुर्ला यायच्या आत ३० वर आला, ते पान अजून जपून ठेवलंय.

याला एक्स्पोजर म्हणतात आणि तो सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणाऱ्या थेरपीचा, भाग आहे, साधारण १२ ते १६ सेशन लागतात. बाकीच्या भागात विचारांवर काम होतं, "धडधड म्हणजे हार्ट अटॅक" या वाक्यासमोर "धडधड म्हणजे धडधड, जिना चढल्यावरही होते" हे ठेवायचं आणि प्रत्यक्ष जिना चढून तपासायचं. एका साध्या फोबियासाठी, कुत्रा किंवा पाल म्हणा, इतकंही लागत नाही, काही थेरपिस्ट दोन-तीन तासांच्या एकाच लांब सेशनमध्ये बरंच काम करतात. शिडी घरच्या घरी करून बघायला हरकत नाही पण त्रास जास्त असेल, डिप्रेशन असेल किंवा हार्टचा, फिट्सचा आजार असेल, गरोदर असाल, तर थेरपिस्ट सोबत हवाच.

इंजेक्शन बघून चक्कर येते त्यांच्यासाठी

हे वेगळं लिहितेय कारण इथे नेहमीचा सल्ला उलटा पडतो. बाकी सगळ्या भीतीत बीपी वाढतं म्हणून माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही, पण रक्त आणि सुईच्या भीतीत बीपी आधी थोडं वाढून मग एकदम पडतं आणि माणूस खरोखर कोसळतो. अशाला "रिलॅक्स हो, अंग सैल सोड" सांगितलं तर तो अजून लवकर पडेल. त्याने उलट अंग आवळायचं. माझ्या भाच्याला बारावीनंतर ॲडमिशनसाठी ब्लड टेस्ट करायची होती, तो दोनदा लॅबच्या दारातून परत आला होता. त्याला शिकवलं, खुर्चीत बसून दंड, पोट, मांड्या सगळं घट्ट आवळायचं, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत, १०-१५ सेकंद, मग नेहमीसारखं सोडायचं, एकदम ढेपाळायचं नाही, २०-३० सेकंद थांबून पुन्हा, असं पाच वेळा, दिवसातून चार-पाचदा, आठवडाभर. लार्स-योरान ओस्त या स्वीडिश सायकॉलॉजिस्टनी ही पद्धत बसवलीय. लॅबमध्ये ज्या हातातून रक्त घ्यायचं तो सैल ठेवला, बाकी अंग आवळलं, आणि खबरदारी म्हणून आडवं झोपूनच रक्त दिलं. पडला नाही. घरी आल्यावर आईला बँडेज दाखवत फिरत होता.

गोळ्यांबद्दल

"एकदा सुरू केल्या की आयुष्यभर" आणि "झोपेच्याच गोळ्या असतात त्या" ही दोन वाक्यं ऐकून फार जण उपचार सोडतात. मुख्य औषध असतं एसएसआरआय गटातलं, म्हणजे मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारं, एस्सिटालोप्राम, सरट्रालिन वगैरे. यांची सवय लागत नाही, म्हणजे नशेसारखी ओढ लागत नाही, पण परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि गंमत अशी की पहिल्या आठवड्यात घाबरं उलट थोडं वाढू शकतं, मळमळ, झोपेची गडबड होऊ शकते. हे आधी माहीत नसलं की माणूस चौथ्या दिवशी गोळी फेकतो. म्हणून डॉक्टर अगदी कमी डोसने सुरू करतात. पंचविशीच्या आतल्यांच्या बाबतीत सुरुवातीच्या आठवड्यांत मूड आणि मरणाचे विचार यावर घरच्यांनी लक्ष ठेवायचं. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. स्वतःच्या मनाने एकदम बंद केली तर चक्कर, डोक्यात झटके असा त्रास होतो.

दुसऱ्या असतात अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम वगैरे. अर्ध्या तासात शांत वाटतं, आणि तिथेच फसायला होतं. काही आठवडे रोज घेतल्या की सवय लागते, डोस वाढत जातो, अचानक बंद केल्या तर फिट येऊ शकते, दारूसोबत तर जिवावर बेततं. थोड्या दिवसांसाठी डॉक्टर देतात ते ठीक, पण शेजारणीच्या स्ट्रिपमधली अर्धी गोळी किंवा केमिस्टकडून जुन्या चिठ्ठीवर आणलेली गोळी, नको. आधीपासून चालू असतील तर आज हे वाचून बंद करू नका, डॉक्टरांकडून उतरवून घ्या. स्टेजवरच्या थरथरीसाठी काही वेळा प्रोप्रानोलॉल देतात, दमा असेल तर ते चालत नाही, आधी सांगा.

साध्या फोबियाला गोळी फारशी कामाची नाही, तिथे शिडीच. पॅनिकला आणि सततच्या काळजीला थेरपी, गोळी किंवा दोन्ही. मी दोन्ही घेतलं, चौदा महिने गोळी चालली.

अटॅक आलाच तर

बसा, पण पळू नका. स्वतःला सांगा, हा पॅनिक आहे, टोकाला जाईल आणि उतरेल. मुंग्या आणि चक्कर जास्त भरभर श्वास घेतल्याने येते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो म्हणून, त्यामुळे "मोठा श्वास घे" हा सल्ला चुकीचा, हळू श्वास हवा. नाकाने चार आकडे आत, तोंडाने सहा आकडे बाहेर, खांदे न उचलता. तोंडाला कागदी पिशवी लावायची नाही, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते धोक्याचं ठरतं. पण श्वासाचीही कुबडी होऊ देऊ नका, तो अटॅक थांबवायला नाही, थांबून राहता यावं म्हणून आहे.

रोजच्यात कॉफी कमी, झोप ठरल्या वेळी, आणि दम लागेल असं चालणं, धडधडीची शरीराला चांगल्या कारणाने सवय होते त्याने.

घरच्यांना

"त्यात काय घाबरायचं" असं म्हणू नका, तिलाही कळतं की त्यात काही नाही. आणि दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. माझा नवरा पहिले दोन महिने प्रेमाने सगळं करत होता, भाजी तोच आणायचा, बँकेत तोच जायचा, मला रोज रिक्षाने सोडायला तयार, आणि माझं जग आमच्या बिल्डिंगएवढं झालं. थेरपिस्टनी त्याला बोलावून सांगितलं, तिच्यासाठी करू नका, तिच्यासोबत उभे राहा. मग तो प्लॅटफॉर्मवर यायचा, पहिले चार दिवस बाकावर शेजारी, मग जिन्यापाशी, मग घरी फोनची वाट बघत. "बरं वाटतंय ना, नक्की ना" असं दर दोन मिनिटांनी विचारायचं नाही, वहीतला आकडा विचारायचा, एवढंच.

त्रास परत येऊ शकतो हे आधीच माहीत असू द्या. मला २०२१ मध्ये आजारपणानंतर पुन्हा लोकलच्या दारातच पाय अडखळायला लागले. त्या वेळी ईसीजी काढला नाही, डॉक्टरांना फोन केला, जुनी वही काढली, नवीन पानावर तारीख टाकली आणि रविवारी दुपारच्या स्लोने कोपरला गेले. सुरुवात ५५, परतताना २५. नवव्या दिवशी ठाणे.